शाळेचं वार्तापत्र काढताय? मग पान सगळ्यात शेवटी लावा

दर वर्षी जुलैच्या सुमारास ठाण्यातल्या एखाद्या शाळेतून फोन येतो. "सर, वार्तापत्र सुरू करतोय. मास्टहेड तयार आहे, जरा येऊन बघाल का?" मी जातो. मास्टहेड, म्हणजे पहिल्या पानावरची नावाची पट्टी, खरंच तयार असतं, कधीकधी छानही असतं: मासुंदा तलाव, त्यावरून उडणारे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी, खाली एखादं सुभाषित. संपादक मंडळातल्या चौदा जणांची नावं पदांसकट टाइप झालेली असतात. फक्त बातमी नसते. मग दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर पानं भरली जातात ती गुरुपौर्णिमा, वृक्षारोपण आणि 'आईचे महत्त्व' या निबंधाने. दुसरा अंक सहसा निघत नाही.

मी बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात बसवणाऱ्या विभागात, काढली. आता नौपाड्यात घरीच असतो आणि आठवी-नववीच्या मुलांबरोबर हे काम करतो. मुलांना लिहिता येत नाही अशी अडचण फार क्वचित असते. गोंधळ होतो तो क्रमात: पान लावणं, म्हणजे मजकूर-फोटोंची मांडणी, आधी होते आणि बातमी राहून जाते. म्हणून हा लेख क्रमवार लिहिलाय. शिक्षकांनी आणि मुलांनी शेजारी बसून वाचला तर उत्तम.

आधी वेळ ठरवा

चार पानी अंकाला सहा आठवडे धरा. पहिला आठवडा परवानगी आणि टीमचा, दुसरा विषयांचा, तिसरा माहिती गोळा करण्याचा, चौथा पडताळणीचा आणि लिहिण्याचा, पाचवा पानाचा. सहावा आठवडा रिकामा ठेवा. तो आपोआप भरतो.

वर्षाला दोनच अंक काढा. पहिल्याचं काम जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करून ऑगस्टअखेर अंक हातात घ्यायचा. दुसऱ्याचं दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपवायचं, म्हणजे ६ जानेवारीचा महाराष्ट्रातला पत्रकार दिन साधतो. प्रथम सत्र परीक्षेचे दिवस आणि गॅदरिंगचा आठवडा यांत डेडलाइन ठेवलीत तर अंक बुडाला म्हणून समजा. दहावीच्या मुलांना दुसऱ्या अंकात घेऊ नका, त्यांचे पालक तुमच्याशी भांडतील आणि ते बरोबरच असेल.

आणखी एक. अगदी पहिला अंक छापू नका, भिंतीवर लावा. कार्डशीटवर चिकटवलेल्या बातमीतली चूक त्याच दिवशी पट्टी लावून दुरुस्त करता येते. सहाशे प्रतींत छापलेली चूक वर्षभर हिंडते.

१. मुख्याध्यापकांकडून चार गोष्टी लेखी घ्या

तोंडी "करा करा, छान उपक्रम आहे" यावर सुरुवात करू नका. एका कागदावर चार गोष्टी लिहून त्याखाली सही घ्या.

पहिली, छपाईआधी अंक कोण बघणार आणि किती दिवसांत परत देणार. दोन कामाचे दिवस पुरतात. दुसरी, एखादी बातमी काढायची ठरली तर मुलांना कारण कळवलं जाईल, एका ओळीत का होईना. ही ओळ मिळाली नाही की मुलं पुढच्या वेळी आपण होऊनच गुळमुळीत लिहितात. तिसरी, पालकांचं संमतीपत्र. मुलाचं नाव छापणं, फोटो छापणं आणि अंक शाळेच्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲप गटात टाकणं यांसाठी तीन वेगळ्या चौकटी ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी घेतलेली सरसकट सही इथे वापरू नका.

चौथी गोष्ट पैशाची. छपाईचा खर्च शाळा किंवा पालक-शिक्षक संघ करेल हे आधीच ठरवा. अंकावर किंमत छापू नका, अंक विकू नका, शेवटच्या पानाच्या तळाशी 'फक्त खासगी वितरणासाठी' अशी ओळ घ्या. आणि वॉर्डातल्या इच्छुक उमेदवाराची शुभेच्छांची जाहिरात घेऊ नका. ते पैसे सहज मिळतात, पण पुढच्या अंकात त्याच गल्लीतल्या गटाराची बातमी लिहायची असते.

*सावधान:* अत्याचाराला बळी पडलेलं किंवा कोणत्याही गुन्ह्यात गुंतलेलं मूल हा शालेय वार्तापत्राचा विषय नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ यांनुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. नाव बदललं तरी तुमच्या शाळेत ते कोण हे सगळ्यांना कळतंच. मुलांनी असं काही सांगितलं तर वही बंद करून मुख्याध्यापक, समुपदेशक किंवा १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन गाठायची.

२. पदं वाटू नका, कामं वाटा

सात मुलं पुरतात. दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीतला एक विचारणार आणि दुसरा लिहून घेणार. विचारणाऱ्यानेच लिहायला घेतलं की दोन्ही अर्धवट होतं.

सातवा मुलगा किंवा मुलगी म्हणजे शंकेखोर. हे नाव मी दिलंय, पण आता तीन शाळांत रूढ झालंय. याचं काम बातमी आणणं नाही, आलेल्या प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारणं. वर्गात जे पोर शिक्षकांना सारखं अडवतं, ज्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये कुरकुर असते, त्याला हे काम द्या.

मुख्य संपादक, सहसंपादक, उपसंपादक ही उतरंड पहिल्या वर्षी नकोच. पदं दिली की मुलं नावाच्या क्रमावरून रुसतात.

३. विषय घेऊ नका, प्रश्न घ्या

बहुतेक अंक या पायरीवर घसरतात. बैठकीत फळ्यावर विषय लिहिले जातात: वाहतूक कोंडी, प्रदूषण, मोबाइलचे व्यसन. यांवर मुलं निबंधच लिहिणार, कारण हे निबंधाचेच विषय आहेत. त्याच विषयाचा प्रश्न करा. 'वाहतूक' ऐवजी: दुपारी शाळा सुटल्यावर आपल्या टीएमटीच्या (ठाणे परिवहनच्या) थांब्यावर एका तासात किती बस येतात? 'वाचनसंस्कृती' ऐवजी: ग्रंथालयातून गेल्या महिन्यात किती पुस्तकं घरी गेली आणि कुठलं पुस्तक सगळ्यात जास्त वेळा गेलं? 'आरोग्य' ऐवजी: मधल्या सुट्टीत पाणी प्यायच्या किती नळांना पाणी असतं?

दप्तराचं वजन हा पहिल्या अंकाला हमखास चालणारा प्रश्न. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. दोन वजनकाटे आणि एक तास एवढंच लागतं.

जरा तयारीच्या मुलांसाठी भाजीचा भाव घ्या. एकाच दिवशी वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, टोमॅटो कितीला आणि ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या किरकोळ बाजारात कितीला? वाशीला पहाटे जाण्याचीही गरज नाही, राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे दर असतात. पण ते असतात क्विंटलमागे, आणि नाक्यावरची मावशी सांगते पाव किलोचा. क्विंटलला २,४०० म्हणजे किलोला २४. एका जोडीने हा हिशेब न करताच "शंभरपट महाग" असा मथळा आणला होता.

*तपासा:* प्रश्न तीन चाळण्यांतून जातो का? आठवड्यात उत्तर मिळेल का? पायी किंवा एका बसने तिथे जाता येईल का? आणि उत्तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं निघू शकतं का? तिसऱ्या चाळणीत अडकला तर सोडून द्या. उत्तर आधीच माहीत असेल तर मुलं फक्त पुरावे गोळा करत फिरतात.

४. गेटबाहेर पाऊल टाकण्याआधी

पिशवीत काय हवं: शाळेच्या शिक्क्याचं पत्र, ओळखपत्र, चार्ज केलेला एक फोन, पाच प्रश्न लिहिलेला कागद, वही आणि शिसपेन्सिल. पेन्सिलच, कारण जुलैत पेनाची शाई पसरते आणि नेमका आकडाच पुसतो. बरोबर एक मोठं माणूस. रेल्वे रुळांच्या आसपास, खाडीच्या कडेला मोठ्यांशिवाय आणि अंधार पडल्यावर येऊरच्या जंगलात कोणीही जायचं नाही, बातमी कितीही चांगली असो.

रोहित पक्ष्यांवर करायचं असेल तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र गाठा. ठाणे खाडी २०२२पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, त्यामुळे विचारण्यासारखं पुष्कळ आहे. पण जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. बोटफेरी पाण्यावर अवलंबून असते आणि पक्षी चिखलावर. आमची एक तुकडी शनिवारी सकाळी उत्साहाने गेली, पाणी उतरलेलं होतं, बोट सुटणार नव्हती, आणि मुलं वडे खाऊन परत आली.

महापालिकेतल्या अधिकाऱ्याशी बोलायचं असेल तर पत्र किमान आठ दिवस आधी पाचपाखाडीच्या मुख्यालयात पोचवा आणि पोच घ्या. पत्रात प्रश्न लिहूनच द्या. उत्तर आलं नाही तर बातमी अडकवून ठेवू नका: "आम्ही अमुक तारखेला लेखी विचारलं, अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर मिळालं नाही" एवढं वाक्य पुरतं. "अधिकाऱ्यांनी उडवाउडवी केली" हे तुमचं मत झालं.

कागदोपत्री माहिती हवी असेल तर शिक्षकांनी किंवा पालकांनी स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांपर्यंत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यात टाकला तरच या अंकात उपयोग. नाहीतर पुढच्या अंकासाठी.

५. मोजा, विचारा, तिथेच लिहा

थांब्यावरच्या बसचा प्रश्न नववीच्या दोन मुलींनी घेतला होता. दुपारी सव्वाबारा ते सव्वा. एकीने वहीत तीन रकाने पाडले: वेळ, बसचा नंबर, जागा होती की नाही. मी मागे उभा होतो. पहिला अर्धा तास रकाने कोरे. दुसरी मुलगी मथळा सुचवायला लागली, "विद्यार्थ्यांचे हाल, टीएमटी बेपत्ता". तेवढ्यात शेजारचा शेंगदाणेवाला म्हणाला, "अगं पोरींनो, रस्त्याचं काम निघाल्यापासून बस तिकडे पुढे थांबते, त्या पिंपळाखाली." त्या साठ पावलं पुढे गेल्या. उरलेल्या अर्ध्या तासात चार बस आल्या.

मोजणी चुकलेली नव्हती, त्या थांब्यावर खरंच बस आली नव्हती. पण खरी बातमी वेगळीच होती: थांबा हलला होता आणि जुन्या खांबावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणून मोजताना आसपासच्या दोघांना तरी विचारायचंच, आणि एकदा मोजून थांबायचं नाही. वेगवेगळ्या तीन दिवशी, त्याच वेळेला मोजायचं.

माणसांशी बोलताना होणाऱ्या चुका अगदी ठरलेल्या. "तुम्हाला खूप त्रास होत असेल ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतो. "काल घरी किती वाजता पोचलात?" असं विचारलं की माहिती मिळते. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, आणि रेकॉर्डिंग चालू असलं तरी टाचणं काढा. नाव वहीत लिहून त्यांनाच दाखवा; सावंतांचं सामंत झालं की माणसं दुखावतात. उठताना शेवटचा प्रश्न: "याबद्दल आणखी कोणाला विचारू?"

पूर्ण बातमी कोणालाही वाचायला पाठवायची नाही. त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य मात्र फोनवर वाचून दाखवायचं.

६. पडताळणी: शंकेखोराचा दिवस

लिहायला बसण्याआधी टाचणांवर तीन रंग मारा. जे आम्ही स्वतः पाहिलं-मोजलं ते हिरवं. जे नाव असलेल्या माणसाने सांगितलं ते निळं. जे "सगळे म्हणतात" ते लाल. लाल रंगाचं काहीही पानावर जात नाही. ते निळं किंवा हिरवं करून आणा, नाहीतर सोडा. निळ्यातही तक्रार असेल तर दुसऱ्या बाजूचं माणूस गाठल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग शंकेखोराला समोर बसवा. तो एकेक वाक्य वाचतो आणि विचारतो. कशावरून? कोणी सांगितलं? त्याला कसं माहीत? तारीख कुठली? जोडीने वहीचं पान उघडून दाखवायचं. हे चालू असताना शिक्षकांनी मध्ये बोलू नये. फार मोह होतो, तरी नको.

टक्क्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण यात मुलंच नाही, मोठी वर्तमानपत्रंही पडतात. तीस जणांना विचारलं, वीस जण हो म्हणाले. "शाळेतील ६७ टक्के विद्यार्थी" असं लिहिता येणार नाही. "आम्ही विचारलेल्या तीसपैकी वीस जणांनी" असंच लिहायचं. आणि ते तीस जण सगळे तुमच्याच वर्गातले असतील तर तेही सांगायचं.

व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो वापरायचाच नाही. पण त्यावरून बातमी सुचली असेल तर गुगल लेन्समध्ये टाकून बघा. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या रस्त्याचा 'आजचा' फोटो कित्येकदा दुसऱ्या शहरातला किंवा आधीच्या वर्षाचा निघतो.

चॅटजीपीटी आणि तत्सम साधनांचं काय? मी मुलांना कॉपीसाठी, म्हणजे बातमीचा मजकूर लिहायला, ती वापरू देत नाही. कारण साधं आहे: ती साधनं थांब्यावर उभी नव्हती. न बोललेल्या माणसाच्या तोंडचं वाक्यही ती बेमालूम लिहून देतात, आणि शंकेखोर मग वहीचं पान मागतो तेव्हा पान नसतं.

७. लिहिणं

दहावीच्या मराठीच्या पुस्तकात, कुमारभारतीत, उपयोजित लेखनात बातमीलेखन आहे. परीक्षेत तो साचा पाळा, गुण मिळवा. अंकात मात्र तो साचा घातक ठरतो. दप्तराच्या वजनावर मुलं पहिल्या फटक्यात हे लिहितात:

"ठाणे, दि. १८ : येथील शाळेत दप्तर वजन तपासणी उपक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी मा. मुख्याध्यापिका उपस्थित होत्या. प्रमुख पाहुण्यांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत करण्यात आले. पाहुण्यांनी आपल्या मनोगतात आरोग्याचे महत्त्व विशद केले."

चार वाक्यं झाली तरी दप्तर किती जड होतं ते कळलेलं नाही. तीच बातमी अशी लिहिता येते (आकडे नमुन्याचे):

"सहावी 'ब'मधल्या तीसपैकी १९ दप्तरं मुलांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड निघाली. ही तीस दप्तरं आम्ही मंगळवारी वजनकाट्यावर ठेवली. सगळ्यात जड दप्तर ६ किलो ४०० ग्रॅमचं. त्यात पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि त्या दिवशी तासच नसलेल्या विषयांच्या चार वह्या."

दुसऱ्या बाटलीचं कारण विचारायला जोडी परत वर्गात गेली तर पुढची बातमी मिळेल. पाण्याच्या नळांची.

लिहिताना क्रम असा ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं उत्तर पहिल्या वाक्यात, वीस शब्दांच्या आत. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात कसं मोजलं, केव्हा, कुठे. मग माणसांचं म्हणणं. मग दुसरी बाजू. पार्श्वभूमी शेवटी, जागा उरली तर. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं ही सहा उत्तरं बातमीत हवीत, पण सहाही पहिल्याच वाक्यात कोंबायची नाहीत. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, लांबला की वाचणारा दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचत नाही.

एका बातमीला २५० शब्द. जास्त झाले तर खालून कापा. खालून कापल्यावर बातमीचं काही बिघडलं नाही, म्हणजे रचना बरोबर.

डेस्कवर आमच्याकडे काही शब्दांवर बंदी होती, तीच इथे लावतो. 'करण्यात आले' कापा आणि कोणी केलं ते लिहा. 'मोठ्या उत्साहात', 'प्रचंड प्रतिसाद', 'मोलाचे मार्गदर्शन' कापा. 'संपन्न' तर आधी कापा. माणूस संपन्न असतो, कार्यक्रम पार पडतो. नावांमागे मा. आणि आदरणीय लावू नका. शिक्षकांना आवडणार नाही, समजावून सांगा.

मथळा बातमी पूर्ण झाल्यावर. सहा-सात शब्द, त्यात काय घडलं ते हवं. 'दप्तराचे ओझे : एक समस्या' हा मथळा गेली तीस वर्षं कुठल्याही अंकात चालला असता. 'तीसपैकी १९ दप्तरं जड' हा फक्त याच अंकाचा आहे.

*तपासा:* मथळ्यात जे म्हटलंय ते बातमीत आहे ना? बातमी न लिहिलेल्या मुलाने वाचून उत्तर द्यावं.

८. फोटो

पुष्पगुच्छ देताना कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं नकोत. काट्यावर ठेवलेलं दप्तर, जुन्या खांबापाशी वाट बघणारी रांग असं काहीतरी घडतानाचं घ्या. मुलांचे चेहरे दिसत असतील तर संमतीची यादी समोर ठेवून निवडा.

व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छापल्यावर फुटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा फोनमधूनच कॉपी करून घ्या. गुगलवर सापडलेला फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, 'सौजन्य : गुगल' लिहिल्याने तो आपला होत नाही. फोटोओळीत कोण, कुठे, कधी आणि फोटो कोणी काढला एवढं हवं. नावं 'डावीकडून' क्रमाने.

९. आता पान लावा

ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. म्हणून पानांची संख्या चार किंवा आठ. पाच पानांचा मजकूर जमला तर एक पान मजकूर कापायचा. सहाव्या पानासाठी कविता गोळा करायच्या नाहीत.

आधी कोऱ्या कागदावर पेन्सिलने डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा काढा. एक फोटो, एक मोठी बातमी, दोन छोट्या, एक चौकट. अकरा पॉइंटच्या अक्षरात एका पानावर फोटोसह साधारण साडेतीनशे शब्द मावतात. सातशे कोंबायचे म्हणून अक्षर आठ पॉइंटवर आणलेलं मी पाहिलंय. आजोबा लोक भिंग घेऊन वाचत होते.

टायपिंग सुरुवातीपासून युनिकोडमध्येच करा. कोणी श्रीलिपी, कोणी कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलं की एकत्र करताना नुसती चिन्हं उरतात. फॉन्ट म्हणून मुक्ता चालतो, तिरो देवनागरी मराठीही चांगला. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे मिळतात. मथळ्याला एक फॉन्ट, मजकुराला एक, तिसरा नको. पान लावायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. नाही निवडला तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलत्या जागी जातात.

*सावधान:* पीडीएफ झाल्यावर तीन जागा डोळ्यांत तेल घालून बघा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्या मोडून 'दुसर्या' होतो. 'ॲ'च्या जागी रिकामी चौकट येते. आणि रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो.

१०. प्रूफ आणि छपाई

प्रूफ पडद्यावर वाचायचं नाही, कागदावर. आणि पान लावलं त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी. एकाने मूळ कॉपी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील पानावर बोट ठेवायचं. आधी फक्त नावं. मग फक्त आकडे आणि वार-तारखा: १८ तारखेला खरंच मंगळवार होता का, कॅलेंडर काढा. मग मथळे आणि फोटोओळी, कारण सगळ्यात मोठ्या अक्षरातल्या चुका सगळ्यात शेवटी दिसतात. शुद्धलेखन त्यानंतर.

झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफच न्या आणि एक प्रत काढून दुमडून बघा. पान दोनच्या जागी पान चार येणं हा घोळ इथेच सापडतो. काळ्या-पांढऱ्या छपाईत रंगीत पट्ट्यांवरची अक्षरं गडप होतात, त्या पट्ट्या आधीच काढून टाका.

११. वाटल्यानंतर

चूक निघेलच. पुढच्या अंकात पान दोनवर ठरलेल्या जागी 'दुरुस्ती' अशी चौकट घ्या: काय छापलं, बरोबर काय. चुकीचं नाव पुन्हा ठळक अक्षरात छापू नका. आणि ज्याच्याबद्दल चुकलं त्याला अंक येण्याची वाट न बघता जाऊन सांगा. बातमी लिहिणाऱ्या जोडीनेच जायचं. बाई किंवा सर सोबत असले तरी बोलायचं मुलांनी.

१२. शाळेबाहेर कुठे पाठवाल

सगळ्यात सोपी आणि दुर्लक्षित जागा म्हणजे वाचकांची पत्रं. दीडशे शब्द, एक मुद्दा, मुलाचं खरं नाव, खाली उपनगर. हललेल्या थांब्याची गोष्ट तिथे छान बसते. पत्र एकाच वर्तमानपत्राला पाठवा.

पर्यावरणावरची बातमी चांगली झाली असेल तर 'यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्नमेंट' बघा. हा आंतरराष्ट्रीय उपक्रम ११ ते २५ वयोगटासाठी आहे, भारतात तो पर्यावरण शिक्षण केंद्र म्हणजे सीईई बघतं. लेख, फोटो, व्हिडिओ असे विभाग असतात. लेख हजार शब्दांच्या आत, व्हिडिओ तीन मिनिटांच्या. नुसती समस्या मांडून चालत नाही, उपायांचा शोधही घ्यावा लागतो. मुदत आणि भाषेची अट त्या वर्षीच्या नियमावलीतच वाचा, मागच्या वर्षीच्या फॉरवर्डवर विसंबू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिकही मुलांचं लेखन घेतं, पण तिथे बातमीपेक्षा अनुभव पाठवा.

शिक्षकांसाठी: वर्तमानपत्रांच्या शाळांसाठीच्या योजना, टाइम्सची एनआयई (न्यूजपेपर इन एज्युकेशन) वगैरे, शाळा म्हणून नोंदणी करून मिळतात, चौकशी जूनमध्येच करा. छापखाना दाखवायचा असेल तर वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छपाईचा पत्ता असतो. मुंबईच्या काही अंकांची छपाई नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातच होते, ठाण्याहून अर्ध्या तासावर. छपाई रात्रीची असते, हे पालकांना आधी सांगा. सीबीएसईच्या शाळांत अकरावी-बारावीला मास मीडिया स्टडीज हा कौशल्य विषय घेता येतो, आणि बारावीनंतर मुंबई विद्यापीठाची मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनची पदवी आहे. नववीतल्या मुलाला एवढं माहीत असलं तरी पुरे.

काम दाखवायला निमित्त हवं असेल तर तारखा: २८ सप्टेंबर माहिती अधिकार दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, १६ नोव्हेंबर राष्ट्रीय पत्रकार दिन, ६ जानेवारी, आणि २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी भाषण ठेवू नका. भिंतीवरचा अंक लावा आणि जोड्यांना त्याच्यापुढे उभं करा, प्रश्न विचारू द्या.

*सावधान:* 'सर्वोत्कृष्ट बालपत्रकार' म्हणून मेसेज येतात. प्रवेश फुकट, निवडही लगेच होते, मग ट्रॉफीचे आणि प्रमाणपत्राचे पैसे मागतात. मुलांना 'प्रेस' लिहिलेलं ओळखपत्र विकणारेही भेटतात. दोन्ही सोडून द्या. आयोजक कोण, परीक्षक कोण, मागच्या वर्षीचं विजेतं काम कुठे वाचता येईल, हे तीन प्रश्न शंकेखोराला विचारायला लावा.

अंक निघाला तरी नोंदवह्या रद्दीत घालू नका. वह्या, संमतीपत्रं, पालिकेची पोच आणि मूळ फोटोंचा पेनड्राइव्ह एका खोक्यात भरा, वर वर्ष लिहा आणि खोका ग्रंथालयाच्या कपाटात ठेवा. स्पर्धेवाले मूळ फोटो मागू शकतात, आणि पुढच्या नववीला त्याच थांब्यावर पुन्हा बस मोजायच्या असतात.